पुसलेली अंडी

४ तारीख, सोमवार

औषध कंपनीच्या माणसाने ही डायरी दिली. फुकट ते पौष्टिक, म्हणून ठेवून घेतली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक पिवळं पिल्लू आणि त्याच्यापुढे छापलंय: 'निरोगी पिल्लू, निश्चिंत मालक'. आमच्या हॅचरीचे मालक म्हणजे माझे यजमान. ते निश्चिंत असलेले मी लग्नापासून पाहिलेले नाहीत. वीज गेली की अंडी उबवायची यंत्रं थंड पडतील म्हणून जीव वरखाली, आणि वीज असली की ती जाईल म्हणून.

आज पिल्लं निघाली. चांगली निघाली. दार उघडल्यावर जो चिवचिवाट अंगावर येतो, त्याची मला अजून सवय झालेली नाही आणि होऊही नये. मी पिल्लं निवडते, हे प्रत्येकाला सुई टोचतात. लस आणि तिच्यासोबत थोडं जंतूंचं औषध. आजार होवो न होवो, सुई द्यायचीच, हा सासऱ्यांच्या काळापासूनचा शिरस्ता.

दुसरा शिरस्ता सासूबाईंचा. कोंबडी खुराड्यात अंडं घालते तेव्हा ते स्वच्छ येतं. जमिनीवर घालते तेव्हा घाण लागलेलं येतं. दुसऱ्या हॅचऱ्यांत अशी अंडी टाकून देतात म्हणे. आमच्याकडे नाही. सासूबाई खिडकीपाशी त्यांच्या ठेंगण्या स्टुलावर बसतात, शेजारी पाण्याचं पातेलं, हातात ओलं फडकं, आणि एकेक अंडं असं लख्ख पुसतात की खुराड्यातलं कुठलं आणि जमिनीवरचं कुठलं, देवालाही ओळखता येऊ नये. पाण्यात सुईतल्याच त्या जंतूंच्या औषधाची, पांढऱ्या पावडरीची, एक चिमूट. ती मीच टाकते, कारण डब्याचं झाकण त्यांना उघडत नाही. दिवसभर ते पाणी पुरवतात. कमी झालं की वरून थोडं घालतात. औषध वाया जायला नको.

८ तारीख, शुक्रवार

पिल्लं घेणाऱ्या तिघांचे फोन. पहिल्या आठवड्यातच मरतायत. पोट फुगतं, बेंबी मिटत नाही, वास मारतो.

हे म्हणाले, "त्यांचं खाद्य बरोबर नसेल."

म्हटलं, "तिघांचंही?"

त्यावर त्यांना अचानक जनरेटर बघायला जायचं आठवलं.

११ तारीख, सोमवार

आपल्याकडे एक खोकं राखून ठेवलं होतं, त्यातलीही गेली. आता खाद्याला नाव ठेवायची सोय उरली नाही. ह्यांनी सुईतलं औषध वाढवलं.

यंत्रं सांभाळणारा आमचा माणूस, ज्याला सगळे थर्मामीटर म्हणतात, छातीला हात लावून सांगतोय की यंत्रात खोट नाही. त्याचा त्याच्या यंत्रांवर जितका विश्वास आहे तितका बायकोचाही त्याच्यावर नसेल. पण एक गोष्ट म्हणाला: "वहिनी, पुसलेल्या अंड्यांच्या ट्रेमधली जास्त जातायत." खरं असेलही. मुळात घाणीतली अंडी ती. मी सासूबाईंना सांगितलं की आता दोनदा पुसत जा. त्या म्हणाल्या, "तीनदा पुसते."

त्यांच्या अंगठ्याला भेग पडलीय. सारखा हात पाण्यात. मी तीच पांढरी पावडर भेगेवर दाबून भरली आणि वर चिंधी बांधली. हजारो पिल्लांना चालते, एका सासूला का नाही चालणार?

१४ तारीख, गुरुवार

वाढवलेल्या औषधाने काही झालं नाही. उलट काल जास्त गेली. मेलेली पिल्लं बादलीत टाकताना मी मोजत नाही. मोजलं की हात थांबतो.

हे जेवायला बसले आणि ताटाकडे बघतच राहिले. सासूबाई म्हणाल्या, "खा रे, उपाशी राहून पिल्लं जगतात होय?" आणि मग त्यांनीही अर्धंच जेवण केलं. माझीच एकटीची भूक शाबूत, ह्याची लाज वाटली, पण खाल्लं.

शेवटी मीच डॉक्टरांना फोन केला. पक्ष्यांच्या डॉक्टर आहेत, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. सासूबाई त्यांना कोंबडीडॉक्टर म्हणतात.

१६ तारीख, शनिवार

डॉक्टर येणार म्हणून सकाळपासून हॅचरी अशी धुतली की लग्नघर बरं. भिंती, फरशी, ट्रे, पंख्याची पाती. अंड्यांच्या खोलीतलं पातेलं आणि फडकं उचलून न्हाणीत ठेवलं. परक्या माणसासमोर तो पसारा कशाला? सासूबाईंना चहा करायला घरी पाठवलं.

डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. पोटातला पिवळा बलक, ज्यावर पिल्लू पहिले दोन-तीन दिवस जगतं, तो हिरवट पाण्यासारखा झाला होता. "ताई, हे बाहेर गेल्यावर झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "अंड्यातूनच घेऊन आलंय."

मग कापूस गुंडाळलेल्या काड्या सगळीकडे फिरवल्या. ट्रेवर, दाराच्या मुठीवर, पंख्यावर, माझ्या हातांवरसुद्धा. स्वतःचा हात असा तपासायला देताना चोर असल्यासारखं वाटतं. काड्या नळ्यांत बंद करून घेऊन गेल्या. स्वच्छतेचं कौतुक केलं. मी फुशारले, खोटं कशाला सांगू.

२० तारीख, बुधवार

डॉक्टरांनी घरी येऊन तपासणीचा फोटो दाखवला. काचेच्या बशीत पिल्लातले जंतू वाढवलेत आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्यात. ज्या औषधाला जंतू मरतात, त्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. आमच्या बशीत फक्त दोन टिकल्यांभोवती वर्तुळ होतं. बाकी सगळ्यांना जंतू खेटून बसलेले. आमच्या पांढऱ्या पावडरीला तर अगदी गळ्यात पडलेले.

"असं कसं?" ह्यांनी विचारलं. "वर्षानुवर्षं देतोय आम्ही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं, रोज, सगळ्यांना. कमजोर जंतू मेले. जे टिकले त्यांचीच पिलावळ वाढली. आता तुम्ही औषध घालताय आणि ते त्यात पोहतायत."

"मग ती दोन द्या की. ज्यांना वर्तुळ आहे ती."

"ती पिल्लांना नाही द्यायची. माणसांच्या दवाखान्यात, बाकी सगळं हरल्यावर द्यायला राखून ठेवलीयत. तुम्ही इथे वापरलीत तर वर्षभरात त्यांचीही वर्तुळं जातील."

हे उसळले. "म्हणजे माझी पिल्लं मरू द्यायची? माणसांचं माणसं बघतील!"

डॉक्टर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध नका शोधू. जंतू अंड्यात शिरतायत कुठून, ते शोधा. माझ्या काड्यांत ट्रे, पंखा, हात, काहीच सापडलं नाही."

त्या गेल्यावर आम्ही सगळ्यांवर संशय घेतला. कावळे. उंदीर. अंडी आणणाऱ्या ड्रायव्हरचे बूट. ड्रायव्हरला तर मी फोनवर असं काही बोलले की त्याने दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. सासूबाई खिडकीपाशी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी तर एकेक अंडं आरशासारखं करून देते. ह्याहून काय करायचं माणसानं?" मी म्हटलं, "आई, तुम्ही आहात म्हणून एवढी तरी निघतायत."

२१ तारीख, गुरुवार

औषध कंपनीचा माणूस आला. त्याला बरं कळतं कुठे कोण मरतंय ते. एक खोकं घेऊन आला. "एकदम जालीम आहे, भाऊ. आठवड्यात फरक." मी खोक्यावरचं नाव वाचलं. डॉक्टरांच्या दोन टिकल्यांपैकी एक.

ह्यांनी खोकं ठेवून घेतलं. उघडलं नाही, परतही दिलं नाही. कपाटावर ठेवलंय. येता-जाता बघतात.

वर मला बजावलं, "हे जंतूंचं बाहेर कुणाला बोलायचं नाही. तोंडातून शब्द गेला की आपल्याकडून पिल्लू कोण घेईल?" बरोबरच आहे. सासऱ्यांनी उभं केलेलं नाव आहे, माझ्या जिभेमुळे जायला नको.

सासूबाईंचा अंगठा सुजलाय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी अजून थोडी पावडर भरली.

२३ तारीख, शनिवार

गोळ्यांनी काही नाही. अंगठा जांभळा झालाय, मनगटापर्यंत लाली. ताप आहे. साखर वाढलीय. तरी सकाळी स्टुलावर येऊन बसल्या. म्हटलं, आई, आज राहू द्या. म्हणाल्या, "डावा हात आहे ना." डाव्या हाताने पुसत होत्या. अंडं हातातून निसटलं आणि फुटलं, तेव्हा रडल्या. तेवीस वर्षांत मी त्यांना सासऱ्यांसाठी रडताना पाहिलंय आणि आज.

संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात दाखल केलं.

२५ तारीख, सोमवार

ताप उतरत नाही. सलाईनमधून एक औषध झालं, दुसरं चालू आहे. तिथले डॉक्टर तरुण आहेत, पटापट चालतात, थांबून बोलत नाहीत. आज थांबले. म्हणाले, "लाली कोपराकडे सरकतेय. जखमेतला पू तपासायला दिलाय, पण अजून दोन दिवस लागतील. तोवर अंदाजानेच औषध द्यावं लागतंय."

"हात?" ह्यांनी विचारलं.

"आधी जीव बघू," ते म्हणाले.

हे बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी जवळ गेले नाही. कधीकधी न जाणं हीच सोबत असते, असं मी समजते. चुकतही असेन.

२६ तारीख, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी हे लवकर बाहेर पडले, कुठे ते बोलले नाहीत. अंड्यांची गाडी आली. जमिनीवरची बरीच होती. सासूबाई नाहीत म्हणून मीच स्टुलावर बसले. पातेल्यात शनिवारचं पाणी तसंच होतं. ओतून टाकणार होते, पण औषधाचं पाणी म्हणून वरून थोडं घातलं, चिमूट टाकली आणि फडकं बुडवलं. फडकं हाताला बुळबुळीत लागलं. कित्येक वर्षं त्याच पाण्यात मी रोज चिमूट टाकत आले, पण फडकं कधी हातात घेतलं नव्हतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, हे काय करताय?"

कोंबडीडॉक्टर. न सांगता आल्या होत्या. मी सांगितलं: आमच्याकडे अंडं टाकत नाहीत, पुसतो. अजूनही माझ्या आवाजात थोडी ऐट होती.

त्या हळूच एका रिकाम्या खोक्यावर बसल्या. एक पुसलेलं अंडं उजेडात धरलं. "ह्याच्या कवचाला बारीक बारीक भोकं असतात. पिल्लू त्यातूनच श्वास घेतं. कोरडं असतं तोवर घाण बाहेरच राहते. गार पाण्याने पुसलं की आतलं आकसतं आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. घाणीसकट." मग पातेल्याकडे बघितलं. "आणि ह्यात काय आहे?"

"चिमूटभर औषध. जंतूंसाठी."

त्यांनी पिशवीतून एक काडी काढली आणि पातेल्यात बुडवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्यांच्या त्या दिवशीच्या बोलण्यातलं एकेक वाक्य परत ऐकू यायला लागलं. थोडं थोडं. रोज. पोहतायत. आणि मी ते पातेलं उचलून न्हाणीत ठेवलं होतं.

मी फडकं खाली टाकलं. "हे जंतू माणसाला होतात?"

"का?"

"सासूबाई. त्यांचा अंगठा. भेगेत मी पावडर भरत होते आणि त्या ह्याच पाण्यात हात घालून बसत होत्या."

त्यांनी फोनमधला तो बशीचा फोटो मला पाठवला आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता जा. निकालाची वाट बघू नका."

रिक्षात बसल्यावर ह्यांचं बजावणं आठवलं. आठवलं आणि गेलं. नाव जाईल तर जावो. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त बोललेली बाई तिथे पडली होती आणि ती मला हवी होती.

तरुण डॉक्टर वॉर्डाच्या दारात भेटले. मी एका दमात सुरू झाले, हॅचरी, जंतू, फोटो. ते म्हणाले, "हो, तुमचे यजमान सकाळीच सांगून गेले. हॅचरीतल्या पिल्लांवरून आले असतील म्हणाले. पण पेशंट तर पिल्लांना हात लावत नाही म्हणे, म्हणून मी विचारात होतो."

पिल्लांवरून! ह्यांना तेवढंच माहीत होतं. उरलेलं मी सांगितलं. भेग, पावडर, पातेलं. डॉक्टर ह्या वेळी पूर्ण थांबून ऐकत होते. फोटो मोठा करून बघितला, त्या दोन टिकल्यांवर बोट ठेवलं आणि नर्सला हाक मारली.

बाकावर हे बसले होते. मला बघून दचकले. "तू कशी इथे?"

"तुम्ही कसे?"

"तुला बोलू नको म्हटलं होतं ना," ते म्हणाले आणि बाकावर सरकून मला जागा केली. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि एकमेकांपासून लपून एकाच दारात आलो. मी शेजारी बसले. हसू येत होतं आणि रडूही.

नर्सने नवी बाटली लावली. हे उठून जवळ गेले, बाटलीवरचं नाव वाचलं आणि तिथेच उभे राहिले. मीही वाचलं. आमच्या कपाटावरच्या खोक्यावरचंच नाव.

"उघडलं नाही मी ते," हे म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

३० तारीख, शनिवार

ताप उतरला. कोपर वाचला, हात वाचला. अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागलं.

खोकं हे स्वतः परत देऊन आले. कंपनीचा माणूस म्हणाला, उघडलेलं नाही, म्हणजे तुमच्याकडे आजार नाहीच की. हे म्हणाले, "आहे. आणि गिऱ्हाइकांनाही सांगणार आहे." दोघांनी पिल्लं बंद केली. तिसरा म्हणाला, खरं बोललास, पुढची चांगली दे.

चिमूट बंद. पुसणं बंद. मळकी अंडी आत घ्यायचीच नाहीत. हे सगळं ठरलं, पण सासूबाईंना कोण सांगणार, हे ठरलं नाही. हे म्हणाले, "नको सांगूस. तिने जन्मभर तेवढंच केलंय." मलाही धीर नाही.

५ तारीख, गुरुवार

सासूबाई घरी आल्या. उशीला टेकून बसल्या आणि पहिला प्रश्न: "मळकी अंडी कोण पुसतंय?"

"कुणी नाही. टाकतो."

"टाकता?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग बँडेजकडे. त्या काही खुळ्या नाहीत. आम्हीच खुळे, लपवत बसलो. "पाण्यातून गेलं ना हे? पिल्लांतही?"

मी मान हलवली. म्हटलं, "चिमूट मी टाकत होते, आई."

"चिमूट तुझी, हात माझा, आणि शिकवलं तुझ्या सासऱ्यानं." डोळे भरून आले त्यांचे. "केवढ्या प्रेमानं पुसत होते गं मी."

मी त्यांचे पाय दाबत बसले. एरवी त्यांना पाय दाबलेले खपत नाहीत. आज खपले.

२३ तारीख, सोमवार

न पुसलेल्या अंड्यांची, बिनऔषधाची पहिली पिल्लं गेल्या मंगळवारी निघाली होती. कमी निघाली, कारण अंडीच कमी घातली होती. आज तिसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. हे उचलेनात. मी उचलला. "वहिनी, काय घातलंत ह्या वेळी?" तो म्हणाला. "सगळी दाण्यावर तुटून पडतायत." म्हटलं, काही नाही घातलं. त्याला वाटलं मी गुपित राखतेय.

सासूबाई हॅचरीत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. आपल्या स्टुलावर बसल्या. अंड्यांचा ट्रे समोर होता, थर्मामीटर आणि मी उगाच कामात असल्यासारखे. त्यांनी एकेक अंडं उचलून बघायला सुरुवात केली. स्वच्छ अंडी बाजूच्या ट्रेमध्ये. मग एक घाण लागलेलं हाती आलं. दुसरा हात आपोआप मांडीकडे गेला, जिथे फडकं असायचं. तिथे काही नव्हतं. अंडं तसंच धरून बसल्या.

"जा बाई," त्या अंड्याला म्हणाल्या आणि बादलीत टाकलं. आवाज झाला. मग पुढचं उचललं.

ट्रे संपल्यावर नळापाशी जाऊन हात धुतले, अंगठ्याचं उरलेलं पेर जपत. मग मला हाक मारली, "सूनबाई, फडकं दे."

"आई, आता फडकं कशाला?"

"हात ओले आहेत," त्या म्हणाल्या. "कोरडं दे."